शिक्का नसलेली टाकी

मंडईत पाव किलो मिरची ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलली जाते, त्या काट्याची दरवर्षी सरकारी पडताळणी व्हावी लागते आणि त्यावर वैधमापन शास्त्र यंत्रणेचा शिक्का बसावा लागतो. ती मिरची ज्या गॅसवर फोडणीत पडते, त्या सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं पुढे. ती तिमाही उलटायच्या आत सिलिंडर तपासणीला गेलाच पाहिजे. आता मंडईतून पिशवी घेऊन निघा आणि पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या एखाद्या पंक्चरच्या दुकानापाशी स्कूटरच्या चाकात हवा भरायला थांबा. हवा देणारी टाकी तुमच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर धडधडत असते. तिच्यावर शिक्का, अक्षर, वर्ष यांतलं काहीच नसतं. ती कोणी बनवली हे सांगणारी पट्टीसुद्धा असलीच तर रंगाच्या तीन-चार थरांखाली.

ही टाकी सहसा नवी घेतलेली नसते. १८८६ साली उघडलेल्या रे मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या आसपास पेठापेठांतून एकेका धंद्याच्या गल्ल्या वाढल्या. रविवार पेठेत बोहरी आळी नट-बोल्ट आणि हत्यारांची, नाना पेठ गाड्यांच्या सुट्या भागांची, आणि बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार उरलेल्या सगळ्याची. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निघालेला माल वर्षानुवर्षं चिखलीजवळच्या कुदळवाडीच्या भंगार गोदामांत जायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने ती गोदामं पाडली, तसा माल आणखी पांगला. या वाटेने टाकीसकट कंप्रेसर कारखान्यातून गॅरेजात येतो, गॅरेजातून फर्निचर रंगवणाऱ्याकडे, तिथून गणपतीच्या मूर्तींवर स्प्रे मारणाऱ्याकडे. यंत्र हिंडत राहतं आणि त्याचे कागद पहिल्याच मुक्कामाला गहाळ होतात. सिलिंडर आपल्या घरात असला तरी मालकी तेल कंपनीचीच राहते, म्हणून त्याची आठवण कोणीतरी ठेवतं. हवेच्या टाकीचा मालक बदलला की तिची आठवण पुसली जाते. जुनी टाकी सुरक्षित आहे का, या प्रश्नातली खरी अडचण ही आहे. लोखंडाची ताकद मोजता येते, पण त्या लोखंडावर आजवर काय काय बेतलं हे बाजारात कोणी सांगत नाही.

गिऱ्हाइकाची नजरही टाकीवर नसते. मोटर लावून बघतात, पंपाचा आवाज ऐकतात, दाब शून्यापासून आठ किलोपर्यंत (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला आठ किलो) जायला किती वेळ लागतो ते पाहतात, पट्टा घासलाय का, तेल गळतंय का. हे सगळं बरोबरच आहे. पण पंप थकलेला निघाला तर रिंगा, व्हॉल्व्ह प्लेट बदलून तो उभा करता येतो. टाकी थकलेली निघाली तर बदलण्यावाचून इलाज नाही, आणि तिचं थकणं आवाजात ऐकू येत नाही.

टाकीत असतं तरी किती? पंक्चरच्या दुकानात साधारण दिसते ती २०० लिटरची, ४५ सेंटिमीटर व्यासाची टाकी आठ किलो दाबाने भरलेली धरू. ती अचानक फुटली तर आतली हवा पसरताना सुमारे २१० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होऊ शकते. एक टनाची मोटार सात मजले उंच उचलायला लागते तितकी. टाकीच्या दोन्ही टोकांना घमेल्यासारखे फुगीर डिश एंड असतात, त्यांतल्या प्रत्येकावर आतून जवळजवळ तेरा टनांचा जोर असतो. टोकाचा जोड सुटला तर टाकी रॉकेटसारखी सुटते. अंगाचा पत्रा फाटला तर ती बहुधा लांबीच्या दिशेने उकलते, कारण नळीच्या आकाराच्या भांड्यात घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेपेक्षा दुप्पट असतो.

मग रोज टाक्या का फुटत नाहीत? कारण बनवणाऱ्याने भरपूर सूट ठेवलेली असते. वरच्या मापाच्या टाकीचा पत्रा चार मिलिमीटर जाड असेल तर आठ किलोला त्यात सुमारे ४५ मेगापास्कल ताण येतो. साधं पोलाद २५० च्या आसपास कायमचं ताणलं जातं आणि चारशेच्या पुढे तुटतं. म्हणजे नवी टाकी आपल्या ताकदीच्या नवव्या हिश्श्यावर काम करत असते. ‘वीस वर्षं चालतेय, काही झालं नाही’ असं जे दुकानदार सांगतो ते या सुटीमुळे खरं ठरतं. पण ती सूट आतून रोज थोडी थोडी खर्च होत असते, आणि किती उरली याचं पासबुक नसतं.

ही सूट खर्च करतं ते पाणी. पुण्याच्या पावसाळ्यात तीस अंशांची, ऐंशी टक्के दमट हवा घेतली तर तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये चोवीसएक ग्रॅम पाण्याची वाफ असते. ही हवा आठ किलोला दाबून पुन्हा थंड झाली की तिला त्यातलं जेमतेम साडेतीन ग्रॅम वाफेच्या रूपात धरवतं, बाकी वीसेक ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडतं. दोन अश्वशक्तीचा पंप दिवसात चार तास जरी चालला तरी लिटरभर पाणी तयार होतं. काही हवेबरोबर पाइपातून पुढे जातं, म्हणून तर रंगवणाऱ्याच्या पृष्ठभागावर फोड येतात. उरलेलं टाकीच्या तळाशी बसतं. तिथे त्याला लोखंड मिळतं, आणि दाबलेल्या हवेतला प्राणवायू बाहेरच्या हवेपेक्षा नऊपट दाटीने मिळतो. गंजाला आणखी काही लागत नाही.

यावर उपाय म्हणून प्रत्येक टाकीच्या पोटाखाली ड्रेन कॉक असतो. रोज संध्याकाळी काम संपलं की थोडा दाब शिल्लक असताना तो उघडायचा, पाणी निघून जातं. जुनी टाकी बघायला गेलात तर सगळ्यात आधी इथे वाका. कॉक हाताने फिरतो का? पाना लावूनही हलत नसेल, किंवा कॉक काढून तिथे प्लग ठोकलेला असेल, तर टाकीचं उरलेलं चरित्र कळल्यात जमा आहे. उघडला तर खाली पांढरा कागद किंवा पुठ्ठा धरा. पहिलं पाणी दुधाळ आलं तर त्यात पंपाचं तेल मिसळलेलं आहे. ते पंपासाठी वाईट असलं तरी टाकीच्या पत्र्याला तेलाचा थोडाफार हातच लागलेला असतो. पाणी विटकरी आलं तर आत गंज चालू आहे. विटकरी पाण्याबरोबर पुठ्ठ्यावर पापुद्रे पडले, नखाने उचलता येतील असे पातळ खपले, तर ते पत्र्यापासून सुटलेले थर आहेत. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी फुगतो, त्यामुळे मूठभर खपल्यांचा अर्थ मूठभर लोखंड गेलं असा होत नाही हे खरं. तरीही अशी टाकी मी घेणार नाही.

तळाखेरीज आणखी काही जागा बदनाम आहेत. पाय जिथे पत्र्याला जोडलेले असतात तिथे बाहेरून धूळ आणि ओल साचते, आणि पावसाळ्यात ओट्यावर ठेवलेल्या टाकीचा पत्रा त्या पट्टीखाली दोन्ही बाजूंनी खाल्ला जातो. मोटर-पंपाचा पाट ज्या पट्ट्यांवर बसवलेला असतो त्यांच्या वेल्डिंगच्या कडेला थरथरीने बारीक तडे जातात. पंप दाब सहापर्यंत उतरला की सुरू होतो आणि आठला बंद होतो. टाकी दिवसातून अनेकदा अशी फुगते-आवळते, आणि तडा दर वेळी किंचित पुढे सरकतो. सगळ्यात वाईट योग म्हणजे पत्र्याचा लांबीचा जोड नेमका तळाशी आलेला असणं. सर्वांत जास्त ताणाची रेघ आणि सर्वांत जास्त पाण्याची रेघ तिथे एकच होते.

आता तपासण्यांकडे येऊ. बाहेरून पाहणं फुकट आहे आणि वाटतं त्यापेक्षा जास्त सांगतं. नेमप्लेट असावी, तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक, वर्ष, कामाचा दाब आणि चाचणीचा दाब वाचता यावा. रंगाखाली असेल तर थिनरच्या बोळ्याने पुसून पाहावी, विकणारा नको म्हणत असेल तर तेही एक उत्तर समजावं. पत्र्यावर कुठे चकती डकवलेली असेल, वेल्डिंगचा एखादा थेंब एकटाच दिसत असेल, एम-सील लावलेलं असेल, तर तिथे कधीतरी भोक पडलं होतं. ज्या पत्र्याला एका ठिकाणी भोक पडलं तो आजूबाजूला जाड असण्याचं कारण नाही, आणि पातळ पत्र्यावर गरम वेल्डिंग करणाऱ्याने त्याची अवस्था आणखी बिघडवलेली असते. ताजा चकचकीत रंग मला संशयास्पद वाटतो. जुन्या बाजारात रंग लावून ठेवलेली टाकी आणि रंगाचे पोपडे निघालेली टाकी शेजारी उभ्या असतील तर दुसरीवर निदान काय आहे ते दिसतं.

हातोडीने ठोकून नाद ऐकायची पद्धत जुनी आहे, आणि सरावलेल्या कानाला तळाचा बद्द आवाज कळतोही. दाब भरलेल्या टाकीवर मात्र कधीही ठोकू नये. आत पाहण्यासाठी आता मोबाइलला जोडायचा वायरसारखा कॅमेरा सहज मिळतो. टाकी रिकामी करून प्लग काढला की तो आत सरकवता येतो. त्यात दिसतो तो गंजाचा पसारा, त्याची खोली कळत नाही. तपकिरी मखमलीसारखा सारखा पसरलेला थर फारसा भयंकर नसतो. तळाशी ओळीने पडलेले खड्डे भयंकर असतात.

खोलीसाठी थिकनेस गेज लागतं. पत्र्यावर जेल लावून त्यावर नाण्याएवढा प्रोब टेकवायचा. आवाजाची लहर पोलादातून सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने पलीकडच्या कडेपर्यंत जाऊन परतते, आणि लागलेल्या वेळावरून जाडी दिसते. चार मिलिमीटरला हा वेळ मायक्रोसेकंदाच्या सव्वा-दीडपट असतो. भोसरी-चिंचवड भागात एनडीटीचं, म्हणजे वस्तू न तोडता तपासण्याचं, काम करणारे हे यंत्र घेऊन फिरतात, आणि एका टाकीला त्यांचा अर्धा तास पुरतो. कुठे मोजायचं हे मात्र आपण सांगावं. गेज घेऊन आलेला माणूस वरच्या कोरड्या अंगावर चार ठिकाणी टेकवून ३.९, ४.०, ३.९ असे आकडे लिहून देईल, आणि ते खरेही असतील. तळाची मधली रेघ टोकापासून टोकापर्यंत दर पाच सेंटिमीटरला, ड्रेन कॉकभोवती, पायांच्या कडेला आणि जोडाच्या दोन्ही अंगांना मोजून घ्या. वर सांगितलेल्या मापाच्या टाकीला आठ किलोसाठी जोडाची सूट धरून हिशेबाने साधारण पावणेतीन मिलिमीटर तरी पत्रा उरायला हवा. कुठे त्याखाली आकडा आला तर टाकी गेली. या यंत्राची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. टोकदार खड्ड्यावर प्रोब नीट बसला नाही तर लहर शेजारच्या जाड भागावरून परतते आणि खड्डा निसटतो. म्हणून कॅमेरा आणि गेज एकमेकांना पूरक आहेत, एकावर भागत नाही.

बाजारात ‘टेस्ट केलेली आहे’ असं ज्याला म्हणतात ते बहुधा वेगळंच असतं. हवा भरतात, जोडांवर साबणाचं पाणी लावतात, बुडबुडे आले नाहीत की टाकी पास. हे गळती शोधणं झालं, ताकद त्यातून कळत नाही. आणखी उत्साही लोक सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करून हवा बारा किलोपर्यंत चढवतात आणि ‘बघा, काही झालं नाही’ म्हणतात. ज्या गोष्टीची भीती आहे ती अधिक जोराने घडवून पाहण्याचा हा प्रकार आहे, आणि तो पाहायला आपण शेजारी उभे असतो.

ताकद पाण्याने तपासतात. टाकी पाण्याने काठोकाठ भरायची, वरच्या तोंडातून हवेचा शेवटचा बुडबुडा जाऊ द्यायचा, आणि प्लंबर पाइपलाइन तपासायला वापरतात तसल्या हातपंपाने कामाच्या दाबाच्या १.३ ते १.५ पट दाब चढवून काही वेळ धरायचा. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. २०० लिटरच्या टाकीत बारा किलोला पाणी आणि ताणलेला पत्रा मिळून शे-दीडशे ज्यूल भरतात, हवेच्या हजाराव्या हिश्शाहून कमी. टाकी फाटली तर पाण्याची चिळकांडी उडते, काटा पडतो, आणि जमीन ओली होते. पण वर हवेची पोकळी राहू दिली तर हा सगळा फायदा जातो, आणि घाईत नेमकं तेच होतं.

पाण्याच्या या चाचणीवर, म्हणजे हायड्रो टेस्टवर, लोकांचा विश्वास थोडा जास्तच असतो असं माझं मत आहे. टाकी पास झाली म्हणजे त्या दिवशी तिने तो दाब पेलला, इतकंच. दोन मिलिमीटरपर्यंत खाल्लेला पत्राही ती चाचणी सहज पार करू शकतो, कारण मूळची सूटच एवढी मोठी आहे. पुढच्या दोन पावसाळ्यांत तो किती खाल्ला जाईल हे चाचणी सांगत नाही. जाडीचे आकडे आणि पाण्याची चाचणी दोन्ही असतील तरच भविष्याचा काही अंदाज बांधता येतो. आणि चाचणीनंतर टाकी पूर्ण वाळवली नाही तर तपासणीनेच गंजाला खाऊ घातलं असं होतं.

सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल थोडक्यात. तो जुन्या यंत्राबरोबर आलेला असेल तर फेकून नवा घ्यावा, टाकीच्या कामाच्या दाबाला उडणारा आणि पंपाची सगळी हवा सोडू शकणारा. गेजही नवं घ्यावं. दाब पूर्ण उतरल्यावरही काटा एक किलोवर अडकलेला गेज मी अनेक दुकानांत पाहिलेला आहे, आणि सगळेजण मनातल्या मनात एक वजा करून वाचतात! पंपापासून टाकीपर्यंतची नळी काढून आत पाहावी. चुकीचं तेल वापरलेलं असेल तर तिथे काजळीचा थर जमतो, आणि पंपातून निघणाऱ्या तापलेल्या हवेत तो पेटू शकतो.

एक प्रकार मात्र तपासायच्याही लायकीचा नाही. एअरब्रशसाठी फ्रिजचा कंप्रेसर काढून तो जुन्या गॅस सिलिंडरला किंवा अग्निशामकाच्या नळकांड्याला जोडायचा जुगाड सर्रास होतो. सिलिंडर मुळात विकणाऱ्याचा नसतोच. त्याला भोक पाडताना आत राहिलेला गॅस पेटू शकतो, आणि तळाला ड्रेन नसल्याने पाणी कायम आत राहतं.

कायदा काय म्हणतो? वाफेच्या बाबतीत तो खूप आधी जागा झाला. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं दगावली, दुसऱ्याच वर्षी बंगालने बॉयलर तपासणीचा कायदा केला. पुढे १९२३ चा देशव्यापी कायदा आला, आणि आता त्याच्या जागी २०२५ चा. हवेच्या टाकीत विस्तव नाही, म्हणून ती या घरात येत नाही. पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणाऱ्या, नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय संस्थेचे दाबपात्रांचे नियम हजार लिटरहून मोठ्या भांड्यांचा विचार करतात. उरला १९४८ चा कारखाना कायदा, ज्याची जागा २०२५ मध्ये केंद्राच्या २०२० च्या संहितेने घेतली. त्या जुन्या कायद्याचं कलम ३१ दाबाखाली चालणाऱ्या प्रत्येक यंत्राबद्दल होतं, आणि महाराष्ट्राच्या १९६३ च्या नियमांत बाहेरून, आतून आणि पाण्याच्या दाबाने ठरावीक मुदतीने तपासणी, तीही सक्षम व्यक्तीकडून, असं सांगितलेलं आहे. नियम चांगले आहेत. पण ते कारखान्याला लागू आहेत, आणि वीज वापरणारी जागा कारखाना ठरायला मूळ कायद्यात दहा कामगार लागत. महाराष्ट्राने ती संख्या वीसवर नेली, केंद्राच्या २०२० च्या संहितेतही वीसच आहे. पंक्चरच्या दुकानात मालक आणि एक पोरगा असतो.

ब्रिटनमध्ये २००० साली केलेल्या नियमांत माणसं मोजत नाहीत. दाब आणि आकारमान यांचा गुणाकार करतात. बारमधला दाब गुणिले लिटर २५० च्या वर गेला की सक्षम व्यक्तीने आखलेली तपासणी योजना लागते, मग दुकानात एकच माणूस का असेना. आपल्या दोनशे लिटरच्या टाकीचा हा आकडा १,६०० येतो. म्हणजे तिथे आपलं पंक्चरचं दुकान सहापटीने आत बसलं असतं. हा गुणाकार आपल्याकडे आणायला नवं खातं उघडावं लागणार नाही. मंडईतल्या काट्यासाठी जी फिरती पडताळणी चालते तिचा नमुना समोर आहे, सक्षम व्यक्तींची यादी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे, आणि १९५८ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर न्यूमॅटिकसारख्या कंपन्यांमुळे कंप्रेसरची जाण असलेले इंजिनिअर या शहराला नवीन नाहीत.

ते होईपर्यंत विकत घेणाऱ्याने काय करावं? माझा कौल साधा आहे. जुना पंप आणि जुनी मोटर बिनधास्त घ्यावी, टाकी नवी घ्यावी. नेमप्लेट शाबूत असेल, एकाच मालकाने वापरलेली असेल आणि जाडीचे आकडे हातात असतील तरच याला अपवाद करावा. टाकी ही त्या सबंध यंत्रातली सर्वांत साधी वस्तू आहे, पत्रा आणि वेल्डिंग. घासाघीस करताना ‘टाकी तुमच्याकडेच ठेवा, पंपाचा भाव सांगा’ असं म्हणून पाहिलं तर विकणारा चक्रावतो, पण भाव सांगतो. जुनी टाकी आधीच दारात असेल तर ड्रेन उघडण्याची सवय, नवा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि वर्षातून एकदा गेजवाल्याला बोलावणं, एवढं तर करावंच. शिवाय टाकीचं तोंड, म्हणजे डिश एंड, रस्त्याकडे किंवा बसायच्या जागेकडे करू नये.

आणि नापास झालेल्या टाकीचं काय करायचं हेही ठरवावं लागतं. भंगारवाल्याकडे अखंड टाकी दिली तर ती वितळायला जाईलच असं नाही. तो किलोमागे दोन पैसे जास्तही देतो, कारण रंगाचा एक हात मारून ती येत्या बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात उभी करता येते. म्हणून दाब उतरवून, पाण्याने धुऊन, वेल्डरकडून तिच्या पोटावर आडवा काप घेऊन मगच ती द्यावी. भाव थोडा कमी मिळेल.